शाळा थांबवायची नाही, थांबा सुधारायचा

कुणाच्या हातात आत्ता भाकरी असेल, कुणी गोठ्यातून येऊन नुकती टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडे ठेवा. घरात दादा, मामा, आजोबा असतील तर त्यांनाही जवळ बसवा. आजचा विषय फक्त बायकांचा नाही. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची घर ते शाळा ही वाट, आणि त्या वाटेवरचा एसटीचा थांबा, याबद्दल आम्ही आज बोलणार आहोत.

सकाळी मार्गासनीच्या थांब्यावर उभं राहिलं की अख्खं खोरं डोळ्यांसमोरून जातं. चेलाडी फाट्याकडून, नसरापूरवरून आलेली गाडी पुढे विंझर, वेल्ह्याकडे जाते. साखर, गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जाणारा रस्ता इथूनच वळतो. दुधाच्या गाड्या, जीपा, कामाला निघालेली माणसं आणि त्यांच्यामध्ये पाठीला दप्तर लावलेली आपली पोरं. काही तर वाडीवरून चिखल तुडवत दोन-तीन किलोमीटर चालत आलेली असतात. शनिवारी सकाळची शाळा असते, त्याच वेळी पुण्याकडून गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या सुरू होतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. या गर्दीत आपली लेक पंधरा मिनिटं, अर्धा तास, गाडी चुकली तर तासभर उभी असते. घरी ती आपली असते, शाळेत गुरुजी-बाईंची असते. या मधल्या वेळात ती कुणाची?

हा प्रश्न आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाला. हप्ते भरून झाले, चहा झाला, आणि एक जण हळूच म्हणाली, "आमच्या धाकटीच्या पोटात रोज सकाळी दुखतंय. दवाखान्यात नेलं, गोळ्या झाल्या. रविवारी मात्र अजिबात दुखत नाही." बाकीच्या गप्प झाल्या. मग दुसरी म्हणाली, "माझीचंही तसंच होतं गेल्या वर्षी." तिच्या मुलीला थांब्यावर एक जण मोटरसायकलवरून येऊन रोज काहीतरी बोलायचा. कधी गाणं म्हणायचा, कधी नंबर मागायचा, एकदा त्याने ओढणी धरली. मुलीने दोन महिने घरी सांगितलं नाही. शेवटी मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा घरात मोठं भांडण झालं आणि वडील म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद." मुलगी एवढंच म्हणाली, "म्हणूनच मी सांगत नव्हते."

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हे एक वाक्य लक्षात ठेवा. त्रास देणारा मोकळा राहतो आणि शिक्षा होते ती मुलीला. तिची शाळा सुटते, पुढे लवकर लग्नाची बोलणी सुरू होतात. हे तिच्या मैत्रिणी बघत असतात. त्या मनाशी ठरवतात, आपण तोंड उघडायचं नाही. पोरी गप्प राहिल्या की त्या माणसाला कळतं, इथे आपल्याला कुणी काही म्हणत नाही. मग तो आणखी पुढे जातो. म्हणजे शाळा बंद करून आपण एक मुलगी घरात आणली, पण थांब्यावरच्या बाकी दहा जणींना जास्त धोक्यात टाकलं.

साधी वाटणारी गोष्ट कुठवर जाते

"पोरंटोरं करतात चेष्टा, दुर्लक्ष करायचं," असं आपल्याकडे म्हणतात. आपल्या राज्यात घडलेल्या तीन घटना सांगतो. त्या घाबरवण्यासाठी सांगत नाही. प्रत्येकीतून एक धडा घ्यायचा आहे.

पहिली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची. ३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ. एक तरुण प्राध्यापिका नेहमीप्रमाणे आपल्या गावाहून बसने आली, उतरली आणि कॉलेजकडे चालत निघाली. नांदोरी चौकात तिच्याच गावच्या एका माणसाने तिच्यावर पेट्रोल टाकून तिला पेटवलं. तो आधीपासून तिच्या मागावर होता. १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. बसने जाणाऱ्या माणसाची वेळ ठरलेली, उतरायची जागा ठरलेली, चालायचा रस्ता ठरलेला. मागावर असणाऱ्याला ते पाठ असतं. म्हणून रोज मागे येणं, रोज वाट बघत उभं राहणं याला कुणी प्रेम म्हणत असेल तर त्याला तिथेच अडवा. ती पुढच्या संकटाची खूण आहे.

दुसरी पुण्याची. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर सकाळी एका कॉलेजच्या मुलीवर ओळखीच्या मुलाने कोयता उगारला. तिने त्याला नकार दिला होता. त्याच्या त्रासाबद्दल त्याच्या घरच्यांना सांगितलंही होतं. ती जीव घेऊन पळत होती, रस्त्यावर माणसं होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे हा तरुण पुढे झाला आणि त्याने कोयता धरला, आणखी तरुण मदतीला आले, मुलगी वाचली. यात दोन धडे आहेत. फक्त त्याच्या आईबापांच्या कानावर घालून काम भागत नाही, पोलिसांत नोंद हवी. आणि बघणाऱ्या गर्दीतला एक माणूस हलला की जीव वाचतो.

तिसरी घटना तर आपल्या अगदी ओळखीच्या जागेवरची, स्वारगेटची. वेल्ह्याची गाडी आपण तिथेच धरतो. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे फलटणची गाडी बघत एक तरुणी बसली होती. एक माणूस आला, 'ताई' म्हणून बोलला, गाडी दुसरीकडे लागली आहे असं सांगून तिला अंधारात उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाही बसकडे घेऊन गेला आणि तिथे अत्याचार केला, अशी तिची तक्रार आहे. तिने तक्रार लगेच दिली. पोलिसांनी संशयिताला तीन दिवसांत शिरूर तालुक्यातून पकडलं. पण त्या दिवसांत लोक काय विचारत होते, आठवतंय ना? ती ओरडली का नाही? गेलीच कशाला? मैत्रिणींनो, भीतीने माणसाचा आवाज बसतो, हातपाय गार पडतात. अंगावर साप आला की आपणही जागच्या जागी थिजतो. न ओरडणं म्हणजे होकार नव्हे. आणि ताई म्हणणारा प्रत्येक जण भाऊ नसतो. म्हणून पोरींना शिकवायचं, गाडी कुठे लागली हे वाहकाला किंवा चौकशीच्या खिडकीवर विचारायचं. अनोळखी माणसाच्या मागे रिकाम्या गाडीत, आडबाजूला जायचं नाही.

मूल बोलत नाही, पण दाखवतं

मुलं तोंडाने सांगत नाहीत तेव्हा वागण्यातून सांगतात. शाळेच्या दिवशीच पोट दुखणं, डोकं दुखणं. एकदम "मला ही गाडी नको, पुढच्या गाडीने जाते" म्हणणं. लांबच्या वाटेने येणं. दप्तर फाटलेलं, डब्याचे पैसे हरवलेले. मोबाइल वाजला की दचकणं. रात्री झोपेत ओरडणं, अभ्यासातून लक्ष उडणं. यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे तसंच काही घडलं असं नाही, पण जवळ बसून विचारायची वेळ आली एवढं नक्की.

विचारायचं कसं? "काय केलंस तू?" असं नाही. "तूच हसली असशील" असं तर कधीच नाही. भाजी निवडताना, केस विंचरताना, सहज विचारा, "थांब्यावर कोण कोण असतं गं? कुणाची भीती वाटते का?" ती बोलायला लागली की मध्ये तोडू नका. तिचं झालं की तीन गोष्टी सांगा. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. तुझी शाळा बंद होणार नाही. हे तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आणि ते आज, काही घडलेलं नसतानाच, सांगून ठेवा.

मुलग्यांनाही हे विचारा. थांब्यावर मोठी पोरं लहानांना मारतात, पैसे काढून घेतात, भांडणाचा व्हिडिओ काढून मोबाइलवर फिरवतात. लैंगिक त्रास मुलग्यांनाही होतो. "पोरगा असून रडतोस काय?" असं म्हटलं की तोही गप्प बसायला शिकतो.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो

१८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. हात लावणं तर गुन्हा आहेच. पण वाईट हेतूने बोलणं, खुणा करणं, घाणेरडी चित्रं दाखवणं, वारंवार पाठलाग करणं किंवा मोबाइलवरून मागे लागणं हाही या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगी १८ च्या पुढची, कॉलेजला जाणारी असेल तर भारतीय न्याय संहितेतलं कलम ७८ पाठलागासाठी आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी ही संहिता आली आहे.

पोक्सोमधली आणखी एक गोष्ट कमी जणींना माहीत असते. मुलावर असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मग तो शिक्षक असो, शेजारी असो की थांब्यावरचा टपरीवाला. गुन्हा झाल्याचं माहीत असून लपवणाऱ्यालाही शिक्षा आहे. म्हणून "गावाची बदनामी होईल, आपसात मिटवू" असं कुणी म्हटलं तर त्याला शांतपणे सांगा, मिटवणं कायद्यात बसत नाही.

"पण पोलीस ठाण्याची पायरी कोण चढणार?" हा पुढचा प्रश्न. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना पोलिसाने गणवेशात नसायचं. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापायला किंवा दाखवायला बंदी आहे. आपणही ती बातमी नावानिशी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवायची नाही.

आपलं पोलीस ठाणं वेल्ह्याला आहे, पण घटना वाटेत दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. ते पुढे योग्य ठाण्याकडे पाठवतात. तक्रारीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय परत यायचं नाही. तक्रार घेतलीच नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने लेखी पाठवता येते.

एकटीने जाऊ नका. गटातल्या दोघी-तिघी बरोबर चला. जाण्याआधी एका वहीत लिहा: तारीख, वेळ, कुठे, काय बोलला, काय केलं, गाडीचा नंबर, तिथे कोण होतं. मोबाइलवर आलेले मेसेज रागाच्या भरात पुसू नका, तोच पुरावा असतो.

शाळेची जबाबदारी फाटकापाशी संपत नाही

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत 'सखी सावित्री समिती' असायला हवी. तिच्यात शिक्षिका, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक महिला आणि विद्यार्थीही असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचाराची घटना उघड झाली, लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी आणि ही समिती यांबद्दल शाळांना पुन्हा बजावलं. तुमच्या शाळेत ही समिती आहे का? तिच्यात कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? पुढच्या पालक सभेत एवढे तीन प्रश्न विचारा. भांडायचं नाही, विचारायचं. आणि समितीला सांगा की थांब्यावर काय होतं तेही बैठकीत घ्या.

थांब्यासाठी गावाने काय करायचं

एकदा मुलांनाच बरोबर घेऊन थांब्यापर्यंत चालत जा. त्यांना विचारा, कुठे भीती वाटते? मोठ्यांना न दिसणाऱ्या जागा मुलं बरोबर दाखवतात. पडकी शेड, दारूच्या बाटल्या पडलेला कोपरा, झुडपं वाढलेलं वळण, संध्याकाळी बंद असणारा दिवा. त्याची यादी करा.

मग ती यादी ग्रामसभेत न्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आपल्याकडे ती बऱ्याचदा कागदावर होते, वही घरी सहीला येते. या वेळी सही करण्याआधी म्हणा, "सभा घ्या, आम्हाला बोलायचं आहे." दिवा, झुडपं तोडणं, शेडची दुरुस्ती, थांब्याजवळ बसणाऱ्या दारुड्यांचा बंदोबस्त, यांचा ठराव लिहून घ्या. ठरावाची प्रत मागा.

दुसरं, गाडीची वेळ. शाळा सुटते आणि गाडी तासाभराने येते, तो तास धोक्याचा. शाळेचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे वेळ बदलण्याचा अर्ज द्या. गाडी थांब्यावर न थांबता पुढे जात असेल तर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून तेही कळवा. कारण गाडी चुकली की पोरं मिळेल त्या दुचाकीला, टेम्पोला हात करतात. आणि लक्षात असू द्या, पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे. पैशांसाठी कुणीही दुसऱ्याच्या गाडीवर बसायची गरज नाही.

तिसरं, माणसं. थांब्याजवळचा चहावाला, किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला, हे दिवसभर तिथेच असतात. त्यांच्याशी बोला. "भाऊ, आमच्या पोरींकडे लक्ष ठेवा, काही वाटलं तर या नंबरावर फोन करा." बहुतेकांना हे सांगितलेलं आवडतं. पोरींनाही सांगा, भीती वाटली तर सरळ त्या दुकानात जाऊन उभं राहायचं. एका वाडीच्या मुलांनी एकत्र निघायचं, एकत्र उभं राहायचं, मोठ्यांनी लहानांना मध्ये घ्यायचं. गटातल्या बायांनी पाळी लावून शाळेच्या वेळी थांब्यावर अर्धा तास बसायचं. हातात निवडायची भाजी असली तरी चालेल. दोन बाया नुसत्या बसलेल्या असल्या तरी त्रास देणाऱ्याची गाडी तिथे रेंगाळत नाही.

समोर कुणाला त्रास होताना दिसला तर लगेच मारामारीत पडायची गरज नाही. मुलीजवळ जाऊन "अगं, आई बोलावते तुझी, चल" म्हटलं तरी तो माणूस मागे सरकतो. आजूबाजूच्या चौघांना हाक मारा. हत्यार दिसलं तर मुलांना आधी दूर न्या आणि ११२ लावा.

आणि आपल्या मुलग्यांचं काय?

त्या मोटरसायकलवरचा मुलगाही कुणाच्या तरी घरचाच असतो. त्यालाही कुणीतरी सकाळी गरम भाकरी वाढलेली असते. म्हणून आपल्या मुलाला घरात विचारायला हवं, थांब्यावर तू काय करतोस? मित्र एखादीला चिडवतात तेव्हा तू हसतोस की थांबवतोस? एखादीने 'नाही' म्हटलं म्हणजे नाही, त्यात अपमान नसतो, हे आईने आणि त्याहून जास्त वडिलांनी सांगायला हवं. १८ पूर्ण झालेल्या पोरावर गुन्हा नोंदला गेला तर नोकरी, पोलीस भरती, सगळीकडे तो आडवा येतो, हेही सांगा. पण फक्त शिक्षेच्या भीतीने नको. बहिणीला जसं निर्धास्त चालता यावं असं त्याला वाटतं, तसंच सगळ्यांना चालता यावं, म्हणून.

आमच्या गटातल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. आई वडिलांशी चार दिवस भांडली. मग दोघंही तिच्याबरोबर ठाण्यात गेले, गटातल्या तिघी सोबत होत्या. मुलगी पुढच्या आठवड्यात शाळेत गेली. पहिले काही दिवस वडील थांब्यापर्यंत यायचे. आता नाही येत, तीच नको म्हणाली. आता ती दहावीला आहे, आणि थांब्यावरच्या लहान मुली तिच्या शेजारी येऊन उभ्या राहतात.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. आज रात्री जेवताना मुलांना सांगा, "काहीही झालं तरी तुझी शाळा बंद होणार नाही, मला सांग." उद्या थांब्यापर्यंत एकदा चालून या. आणि हे तीन नंबर दाराच्या मागे खडूने मोठ्या अक्षरांत लिहा, मुलांकडून पाठ करून घ्या: तातडीच्या मदतीला ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. फोन करायला पैसे लागत नाहीत.

पुन्हा भेटूच. नमस्कार.